इलेक्ट्रॉनचा ईडीएम: पाऊणशे वर्षं शून्यच येतंय, तरी शोध का थांबत नाही?

मृगशीर्ष

सर्नमधून, म्हणजे युरोपातल्या कणभौतिकीच्या मोठ्या प्रयोगशाळेतून, एखादा निकाल आला की इथे लगेच धागा निघतो, आणि ते योग्यच आहे. पण २०२३ च्या जुलैमध्ये अमेरिकेतल्या बोल्डर गावी, जिला या संस्थेत, एका खोलीत मावणाऱ्या उपकरणातून जो निकाल आला त्यावर इथे एकही ओळ लिहिली गेली नाही, याची रुखरुख लागून राहिली आहे. म्हणून हा धागा.

निकाल असा: इलेक्ट्रॉनला कायमचा विद्युत द्विध्रुव असलाच, तर तो ४.१ × १०^-३० ई-सेंमीपेक्षा लहान आहे. 'ई' म्हणजे इलेक्ट्रॉनवर असतो तेवढा भार. तेवढा धन भार आणि तेवढाच ऋण भार एक सेंटिमीटर अंतरावर ठेवला की एक ई-सेंमी झालं. इथे दशांशचिन्हानंतर २९ शून्यं येतात आणि मग ४१. या राशीला इलेक्ट्रिक डायपोल मोमेंट म्हणतात, खाली नुसतं ईडीएम लिहितो.

एवढ्या बारीक गोष्टीचं करायचं काय, हा प्रश्न येणारच. आधी त्याचंच उत्तर देतो.

इलेक्ट्रॉनकडे दिशा दाखवणारी एकच गोष्ट आहे, ती म्हणजे त्याचा स्पिन. त्यामुळे ईडीएम असेल तर तो स्पिनच्या दिशेनेच असणार, नाहीतर बरोबर उलट. तिसरी दिशा त्याच्याकडे नाहीच. आता फिरणारा भोवरा डोळ्यांसमोर आणा आणि काळ उलटा चालवा. फिरण्याची दिशा उलटेल, पण आर होती तिथेच, खालच्या टोकाला राहील. स्पिन म्हणजे ते फिरणं, आणि भार ज्या टोकाला झुकलाय ते टोक म्हणजे आर. काळ उलटवला की स्पिन उलटतो, भाराचा झुकाव उलटत नाही. म्हणजे आधी दोन्ही एका दिशेला असतील तर आता विरुद्ध दिशांना झाले.

निसर्गाचे नियम काळाच्या दोन्ही दिशांना सारखेच असते, तर ईडीएम असलेले दोन्ही प्रकारचे इलेक्ट्रॉन असायला हवे होते. पण इलेक्ट्रॉन एकाच प्रकारचे आहेत. दोन प्रकारचे असते तर अणूच्या पहिल्या कवचात दोनाऐवजी चार इलेक्ट्रॉन बसले असते आणि आवर्तसारणी वेगळीच दिसली असती. तेव्हा उरतं ते इतकंच: ईडीएम शून्य नसेल, तर निसर्ग काळाची उलटी आणि सुलटी दिशा वेगवेगळी ओळखतो.

आणि तो ती ओळखत असल्याशिवाय आपण इथे असण्याचा हिशोब लागत नाही. १९६७ मध्ये आंद्रे साखारोव्ह यांनी दाखवलं की विश्वाच्या सुरुवातीला द्रव्य आणि प्रतिद्रव्य समसमान असेल, तर आजची द्रव्याची शिल्लक उरण्यासाठी काही अटी पाळल्या जायला हव्यात. त्यांतली एक अट म्हणजे सीपी सममिती (कणांच्या जागी प्रतिकण घेतले आणि डावं-उजवं उलटवलं तरी नियम तेच राहणं) मोडणं, आणि सीपी मोडणं म्हणजे (या दोन्हींबरोबर काळही उलटवला तर नियम बदलत नाहीत, म्हणजे सीपीटी पाळलं जातं, असं धरून) काळाची सममिती मोडणंच. १९६४ मध्ये क्रोनिन आणि फिच यांनी केऑन कणांमध्ये ती मोडताना पाहिली, १९८० मध्ये त्यांना नोबेल मिळालं. पण स्टँडर्ड मॉडेलमध्ये, म्हणजे मूलकणांच्या आजच्या मान्य सिद्धांतात, जेवढी मोडतोड बसते तेवढ्याने विश्वातलं द्रव्य उरत नाही, फारच कमी पडते. कुठेतरी अजून काहीतरी आहे. ते जिथे आहे, तिथे त्याची सावली इलेक्ट्रॉन, न्यूट्रॉन आणि अणुकेंद्रांच्या ईडीएमवर पडायला हवी.

या शोधाची सुरुवात १९५० मध्ये झाली. डावं-उजवं निसर्गाला सारखंच, हे तेव्हा सगळेच धरून चालत. एडवर्ड पर्सेल आणि नॉर्मन रॅम्झी यांनी लिहिलं की हे प्रयोगाने तपासायला हवं, नुसतं मानून चालणार नाही. मग विद्यार्थी जेम्स स्मिथ यांच्यासह त्यांनी अमेरिकेतल्या ओक रिज प्रयोगशाळेत न्यूट्रॉनच्या झोतावर प्रयोग केला. ईडीएम सापडला नाही. ५ × १०^-२० ई-सेंमी ही मर्यादा मिळाली, ती छापून आली १९५७ मध्ये. त्याच वर्षी चिएन-शिउंग वू यांच्या कोबाल्टच्या प्रयोगाने डाव्या-उजव्याची सममिती मोडते हे सिद्ध केलं, आणि लांडाऊ यांनी दाखवून दिलं की ईडीएमसाठी तेवढं मोडून भागत नाही, काळाचीही सममिती मोडावी लागते.

तेव्हापासून आजवर न्यूट्रॉन, इलेक्ट्रॉन, पारा, झेनॉन, रेडियम, म्युऑन असं सगळं तपासून झालं. प्रत्येक वेळी शून्य. त्या शून्यांबद्दल बोलूया.

केतकी_सा

लेख आवडला, पण एक गोष्ट डोक्यात अडकली आहे. बारावीला आपण शिकतो की पाण्याच्या रेणूला कायमचा डायपोल मोमेंट असतो, १.८५ डिबाय. अमोनियालाही असतो. मग काळाची सममिती पाण्यानेच मोडली की! इलेक्ट्रॉनमध्ये शोधायची काय गरज?

मृगशीर्ष

केतकी, फार नेमका प्रश्न. पाण्याचं उदाहरण न सोडवता ईडीएम समजलाय असं म्हणताच येत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी आकडे. डिबाय हे रेणूंचा डायपोल मोजायचं एकक. १.८५ डिबाय म्हणजे साधारण ३.९ × १०^-९ ई-सेंमी. इलेक्ट्रॉनची आजची मर्यादा याच्यापेक्षा सुमारे १०^२१ पटींनी लहान आहे. म्हणजे दोन गोष्टी फक्त लहानमोठ्या नाहीत, जातीनेच वेगळ्या आहेत.

पुस्तकातला पाण्याचा डायपोल रेणूच्या चौकटीत बसून मोजलेला असतो: ऑक्सिजन इकडे, दोन हायड्रोजन तिकडे. पण रेणू मोकळा असतो, फिरत असतो. बाहेरचं विद्युतक्षेत्र नसताना तो एका ठरावीक क्वांटम अवस्थेत असेल, तर प्रयोगशाळेतल्या कुठल्याही ठरावीक दिशेने त्याचा सरासरी डायपोल शून्य येतो. सर्वांत खालच्या, न फिरणाऱ्या अवस्थेत तर कोनीय संवेगच शून्य. डायपोलने रोख धरायचा तरी कोणत्या दिशेला?

अमोनियात हे आणखी स्पष्ट दिसतं. तीन हायड्रोजनच्या प्रतलातून नायट्रोजन आरपार जातो-येतो, आणि त्यामुळे ऊर्जेच्या दोन पातळ्या तयार होतात, सुमारे २४ गिगाहर्ट्झ अंतरावर. त्या दोन्ही पातळ्यांत नायट्रोजन वर आणि खाली सारखाच असतो, त्यामुळे डायपोल शून्य. बाहेरून क्षेत्र लावलं की दोन पातळ्या एकमेकींत मिसळतात आणि रेणूला कल मिळतो. क्षेत्र क्षीण असताना ऊर्जेतला बदल क्षेत्राच्या वर्गाच्या प्रमाणात होतो. खरा ईडीएम असेल तर तो बदल क्षेत्र कितीही क्षीण असलं तरी सरळ क्षेत्राच्या प्रमाणात होईल, आणि स्पिनच्या दिशेनुसार चिन्ह बदलेल. ओळखायची खूण हीच.

अमोनियाकडे वर आणि खाली अशा दोन मांडण्या आहेत. इलेक्ट्रॉनकडे अशी दुसरी मांडणीच नाही. म्हणून अमोनियाचा डायपोल काळाची सममिती मोडत नाही, आणि इलेक्ट्रॉनचा असला तर मोडेल.

केतकी_सा

आता कळलं. दोन मांडण्या आहेत की एकच, तिथे सगळा फरक पडतो. हे बारावीच्या पुस्तकात एका ओळीत तरी यायला हवं होतं.

नाना_मिरजकर

मृगशीर्ष, मी कॉमर्सचा माणूस. काळ, स्पिन वगैरे जमेल तेवढं समजून घेतलं. मला कुतूहल आहे ते मोजण्याचं. दशांशानंतर पंचवीस-तीस शून्यं असलेली गोष्ट माणूस मोजतो तरी कशी? कशाने?

मृगशीर्ष

नाना, घड्याळाने. सगळा प्रयोग म्हणजे दोन वारंवारितांची तुलना आहे.

न्यूट्रॉनचा प्रयोग घेतो, कारण तो समजायला सर्वांत सोपा. स्वित्झर्लंडच्या पॉल शेरर संस्थेत २०१५ आणि २०१६ मध्ये मोजणी झाली, निकाल २०२० मध्ये आला. न्यूट्रॉन इतके मंद केलेले असतात की ते सेकंदाला काही मीटर एवढ्याच वेगाने जातात, आपण सायकल चालवतो तेवढ्या. असे न्यूट्रॉन भिंतीतून आरपार न जाता तिच्यावर आपटून परत फिरतात, त्यामुळे ते डब्यात साठवता येतात. डब्यात १ मायक्रोटेस्लाच्या जवळपास चुंबकीय क्षेत्र असतं. त्यात न्यूट्रॉनचा स्पिन सेकंदाला साधारण ३० वेळा गिरकी घेतो.

आता त्याच दिशेने ११ किलोव्होल्ट प्रति सेंमीचं विद्युतक्षेत्र लावायचं, गिरक्यांची वारंवारिता मोजायची. मग विद्युतक्षेत्र उलटं करून पुन्हा मोजायची. ईडीएम असेल तर दोन्ही वेळच्या वारंवारितेत फरक पडेल.

किती फरक? त्यांनी दिलेली मर्यादा १.८ × १०^-२६ ई-सेंमी. तेवढा ईडीएम धरून हिशोब केला तर फरक येतो साधारण ०.००००००२ हर्ट्झचा, म्हणजे ०.२ मायक्रोहर्ट्झ. दोन न्यूट्रॉन, एक सुलट्या क्षेत्रात आणि एक उलट्या, एकाच वेळी गिरक्या घ्यायला लागले, तर त्यांच्यात एका पूर्ण गिरकीचं अंतर पडायला दोन महिने लागतील. आणि डब्यात न्यूट्रॉन ठेवून मोजायला मिळतात १८० सेकंद. म्हणून हजारो वेळा तेच ते करायचं आणि सरासरी काढत राहायचं. गिरकीच्या सुरुवातीला आणि शेवटी एकेक झटका देऊन मधला टप्पा मोजायची जी पद्धत वापरतात ती रॅम्झी यांचीच, तिच्यासाठी त्यांना १९८९ मध्ये नोबेल मिळालं.

ओक रिजच्या पहिल्या मर्यादेच्या तुलनेत ही सुमारे २८ लाख पट बारीक आहे.

विद्युल्लता

मी हाय व्होल्टेज टेस्टिंगमध्ये काम करते, त्यामुळे वरच्या प्रतिसादातलं '११ किलोव्होल्ट प्रति सेंमी' वाचून माझ्या डोक्यात पहिला विचार आला तो लीकेज करंटचा. इन्सुलेटरच्या पृष्ठभागावरून थोडातरी करंट सरपटतोच. तो करंट स्वतःचं चुंबकीय क्षेत्र बनवतो. आणि व्होल्टेज उलटं केलं की करंटही उलटतो, म्हणजे त्याचं चुंबकीय क्षेत्रही उलटतं. मग गिरकीत फरक पडेल, आणि तो हुबेहूब ईडीएमसारखा दिसेल! याचा बंदोबस्त कसा करतात?

मृगशीर्ष

विद्युल्लता, या क्षेत्रातल्या लोकांची झोप उडवणारी हीच गोष्ट. वरच्या ०.२ मायक्रोहर्ट्झला चुंबकीय क्षेत्रात बदललं तर साडेसहा फेम्टोटेस्ला होतात, पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या सुमारे सात अब्जाव्या भागाएवढे. व्होल्टेजबरोबर एवढं क्षेत्र जरी उलटलं तरी खोटा ईडीएम तयार.

उपाय अनेक पदरी आहेत. डब्याभोवती चुंबकीय क्षेत्र अडवणाऱ्या मिश्रधातूची आवरणं असतात. त्याहून महत्त्वाचं म्हणजे न्यूट्रॉनच्या डब्यातच पाऱ्याच्या अणूंची वाफ सोडलेली असते, पारा-१९९. पाऱ्याचा ईडीएम न्यूट्रॉनच्या मर्यादेपेक्षा कितीतरी लहान असल्याचं वेगळ्या प्रयोगांतून माहीत आहे, तेव्हा त्याची गिरकी बदलली तर दोष चुंबकीय क्षेत्राचा. न्यूट्रॉनच्या गिरकीला पाऱ्याच्या गिरकीने भागलं की क्षेत्राचे चढउतार बहुतेक निघून जातात.

पण इथेही एक मेख आहे, आणि मला ती सगळ्यांत आवडते. न्यूट्रॉन इतके मंद आहेत की गुरुत्वाकर्षणाने ते डब्याच्या तळाकडे किंचित जास्त गोळा होतात. पारा खोलीच्या तापमानाला असतो, त्याचे अणू सुसाट, ते डबाभर सारखे पसरतात. त्यामुळे दोघांच्या सरासरी उंचीत तीन-चार मिलिमीटरांचा फरक पडतो. चुंबकीय क्षेत्र वरखाली अगदी किंचित बदलत असेल तर न्यूट्रॉन आणि पारा वेगवेगळं क्षेत्र अनुभवतात! तो फरक मोजून वजा करावा लागतो. या तीन-चार मिलिमीटरांवर पानंच्या पानं लिहिली गेली आहेत.

सिएटलला वॉशिंग्टन विद्यापीठात नुसत्या पाऱ्यावरचा प्रयोग काही दशकं चालला. २०१६ चा त्यांचा निकाल: ७.४ × १०^-३० ई-सेंमीपेक्षा लहान. पाऱ्याच्या वाफेच्या चार काचकुप्या एकीवर एक, मधल्या दोघींत विद्युतक्षेत्र विरुद्ध दिशांना, बाहेरच्या दोघींत क्षेत्रच नाही, त्या फक्त पहारा द्यायला. त्या प्रयोगातली सर्वांत मोठी शंकेची जागा लीकेज करंट नव्हती. व्होल्टेज बदललं की कुप्या नॅनोमीटरच्या हिशोबात जागच्या हलत, आणि क्षेत्र जागोजागी किंचित वेगळं असल्यामुळे तेवढ्यानेही गिरकी बदलत असे. त्यांनी ते शोधलं, मोजलं आणि त्रुटीच्या अंदाजात धरलं.

विद्युल्लता

नॅनोमीटर! आम्ही टेस्ट बेवर मिलिमीटरभर क्लिअरन्ससाठी भांडतो. ही माणसं किती बारकाईने विचार करत असतील. मनापासून धन्यवाद, पाऱ्याची वाफ डब्यातच सोडायची कल्पना फार सुंदर आहे.

सोनटक्का

धागा वाचून राहवलं नाही. मी पुण्यात क्वांटम केमिस्ट्रीत पीएचडी केली, त्यामुळे इलेक्ट्रॉनच्या बाजूबद्दल लिहिते. मृगशीर्ष यांनी ती अजून उघडलेली नाही.

न्यूट्रॉनवर भार नाही, म्हणून त्याला डब्यात ठेवून विद्युतक्षेत्र लावता येतं. इलेक्ट्रॉनला क्षेत्र लावलं की तो पळून जाईल. म्हणून इलेक्ट्रॉन अणूत किंवा रेणूत असतानाच तपासायचा. पण तिथे एक अडचण आहे, ती शिफ यांनी १९६३ मध्ये मांडली. अणू जागेवर स्थिर आहे, म्हणजे त्याच्या आतल्या प्रत्येक कणावरचं सरासरी विद्युतक्षेत्र शून्यच असणार, नाहीतर तो कण सरकला असता. बाहेरून तुम्ही कितीही क्षेत्र लावा, आतले भार थोडे थोडे हलून ते पुरतं झाकून टाकतात. मग इलेक्ट्रॉनचा ईडीएम दिसणार कसा?

तोड काढली ऑक्सफर्डच्या पॅट्रिक सँडर्स यांनी, १९६५ मध्ये. शिफ यांचं गणित सापेक्षता न धरता केलेलं आहे. जड अणूत केंद्राजवळून जाताना इलेक्ट्रॉनचा वेग प्रकाशाच्या वेगाच्या लक्षणीय भागाएवढा होतो. तिथे ते झाकणं पुरं पडत नाही, उलट परिणाम वाढतो, साधारण अणुक्रमांकाच्या घनाच्या प्रमाणात. थॅलियममध्ये जवळपास ६०० पट. म्हणून बर्कलीला यूजीन कॉमिन्स यांनी थॅलियम निवडलं आणि २००२ मध्ये १.६ × १०^-२७ पर्यंत पोचले.

रेणूंची गोष्ट आणखी पुढची. जड अणू दुसऱ्या अणूशी बांधलेला असेल, तर बाहेरून थोडंसं क्षेत्र लावून रेणूचं तोंड एका दिशेला वळवता येतं, आणि आत जड अणूच्या केंद्राजवळ इलेक्ट्रॉनला मिळतं ते क्षेत्र अब्जावधी व्होल्ट प्रति सेंमीचं. थोरियम मोनॉक्साइडमध्ये सुमारे ७८ गिगाव्होल्ट प्रति सेंमी! माणसाने बनवलेल्या कुठल्याही उपकरणात एवढं क्षेत्र स्थिर उभं करता येत नाही. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजात एड हाइंड्स यांच्या गटाने इटर्बियम फ्लोराइड वापरून २०११ मध्ये थॅलियमला मागे टाकलं. मग हार्वर्ड आणि येलच्या अ‍ॅक्मी प्रयोगाने थोरियम मोनॉक्साइडवर २०१४ मध्ये ८.७ × १०^-२९ आणि २०१८ मध्ये १.१ × १०^-२९ ही मर्यादा दिली.

आणि आता आमच्या लोकांचा वाटा. हे ७८ गिगाव्होल्ट कुणी मोजलेलं नाही, मोजताच येत नाही. प्रयोग फक्त ऊर्जेतला फरक देतो. त्यातून ईडीएम काढायचा तर आतलं क्षेत्र गणिताने काढावं लागतं, सापेक्षता धरून, सगळ्या इलेक्ट्रॉनांचे परस्पर परिणाम धरून. गणित वीस टक्के चुकलं तर ईडीएमची मर्यादाही त्याच प्रमाणात चुकली. थोरियम मोनॉक्साइडचं हे गणित ज्यांनी केलं त्यांत सेंट पीटर्सबर्गचे स्क्रिप्निकोव्ह, तुलूझचे टिमो फ्लाइग आणि आपल्या तुर्भ्याच्या बीएआरसीचे मलय नायक आहेत. पुण्यात पाषाणच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत सौरव पाल आणि नयना वावल यांच्या गटाने स्ट्राँशियम फ्लोराइड, मर्क्युरी हायड्राइड अशा रेणूंवर हेच काम केलं. बंगळूरच्या भारतीय ताराभौतिकी संस्थेत बी. पी. दास यांनी अणूंच्या ईडीएमच्या गणिताची परंपराच उभी केली. ईडीएमच्या बातम्यांत उपकरणाचा फोटो येतो, या गणिताचं नाव कुणी घेत नाही, ते मला खुपतं.

नाना_मिरजकर

सोनटक्का, जे मोजताच येत नाही ते गणिताने काढलेलं बरोबर आहे, हे ठरवायचं कसं? ताळा कशाशी घालायचा?

सोनटक्का

नाना, ताळा असतो. इलेक्ट्रॉन जड अणूच्या केंद्राजवळ कसा वागतो यावर आणखी एक राशी अवलंबून असते, हायपरफाइन स्थिरांक. केंद्राच्या चुंबकत्वामुळे रेणूच्या वर्णरेषा किती फुटतात ते तो सांगतो, आणि तो प्रयोगशाळेत नीट मोजता येतो. ज्या तरंगफलातून (इलेक्ट्रॉन कुठे कसे असतील ते सांगणाऱ्या गणिती सूत्रातून) आतलं क्षेत्र काढलं त्याच तरंगफलातून हायपरफाइन स्थिरांक काढायचा आणि मोजलेल्या आकड्याशी जुळवायचा. तो जुळला तर केंद्राजवळचं आपलं चित्र बरोबर आहे असा भरवसा येतो. शिवाय वेगवेगळे गट वेगवेगळ्या पद्धतींनी तेच गणित करतात. थोरियम मोनॉक्साइडच्या बाबतीत त्यांची उत्तरं काही टक्क्यांत जुळली.

सह्यकडा

सगळं वाचलं. माणसांच्या कष्टांबद्दल आदर आहे, तरी स्पष्ट लिहितो. १९५० पासून प्रत्येक निकाल शून्य. सिद्धांतवाले दर वेळी सांगतात की पुढच्या दहापटीत नक्की सापडेल, सापडलं नाही की आकडा आणखी खाली सरकवतात. स्टँडर्ड मॉडेलप्रमाणेही ईडीएम अगदीच शून्य नाही असं वाचलंय, पण तो इतका लहान की कधी दिसणारच नाही. मग हे किती वर्षं चालवायचं? भारतासारख्या देशाने यात पैसे का घालावेत?

मृगशीर्ष

सह्यकडा, प्रश्न रास्त आहे, टाळत नाही.

स्टँडर्ड मॉडेलचा आकडा आजच्या मर्यादेपेक्षा निदान लाखो पटींनी लहान आहे, हे खरं. पण प्रयोगाच्या दृष्टीने हीच सर्वांत मोठी सोय. मधल्या सगळ्या पट्ट्यात जुन्या भौतिकीचा आवाजच नाही. तिथे काहीही सापडलं तर ते नवीनच असणार. सर्नमध्ये नवा कण शोधताना जुन्या कणांचा डोंगर उपसावा लागतो, इथे पार्श्वभूमी कोरी आहे.

शून्यांनी काय दिलं ते पाहा. सुपरसिमेट्री, म्हणजे प्रत्येक कणाला एक जड जोडीदार मानणारा सिद्धांत, तिच्या सरळसाध्या रूपांत इलेक्ट्रॉन आणि न्यूट्रॉनचे ईडीएम जुन्या प्रयोगांनाच दिसायला हवे होते. ते दिसले नाहीत, आणि त्या सिद्धांतांना एकतर नवे कण फार जड मानावे लागले, नाहीतर त्यांच्यातली सीपीची मोडतोड दाबून टाकावी लागली. हे सर्नचा मोठा कोलायडर सुरू होण्याच्या कितीतरी आधी घडलं. जिलाच्या २०२३ च्या निकालाने १०^१३ इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जेच्या वरच्या अनेक प्रकारच्या नव्या भौतिकीवर बंधनं आली, म्हणजे कोलायडरला थेट कण बनवून पोचता येतं त्याच्याही पुढे.

न्यूट्रॉनच्या शून्याने तर एक आख्खा प्रश्न जन्माला घातला. अणुकेंद्र बांधून ठेवणाऱ्या तीव्र बलाच्या समीकरणात एक कोन येतो, थीटा. तो कितीही असू शकला असता. न्यूट्रॉनचा ईडीएम साधारण १०^-१६ गुणिले थीटा ई-सेंमी एवढा यायला हवा. मर्यादा १०^-२६ च्या घरात, म्हणजे थीटा १०^-१० हूनही लहान. का? हे कुणालाच सांगता येईना. १९७७ मध्ये पेच्चेई आणि क्विन यांनी एक उत्तर सुचवलं, १९७८ मध्ये वाइनबर्ग आणि विल्चेक यांनी दाखवलं की ते उत्तर खरं असेल तर एक नवा हलका कण हवा. तो अ‍ॅक्सिऑन. आज कृष्णद्रव्यासाठी जगभर ज्याचा शोध चाललाय तो हाच. हे सगळं एका शून्यातून निघालं.

'आकडा खाली सरकवतात' हा आक्षेप सिद्धांतवाल्यांवर आहे आणि तो बऱ्याच अंशी मान्य. प्रयोग करणाऱ्यांवर मात्र तो लागू नाही. पॉल शेररच्या न्यूट्रॉन प्रयोगात मोजणीच्या आकड्यांत आधीच एक गुप्त रक्कम मिसळली होती आणि दोन गट स्वतंत्रपणे विश्लेषण करत होते. आपल्या मनासारखं उत्तर आलं की हात थांबतो, हा माणसाचा स्वभाव. त्याला वावच ठेवला नाही. दोघांचं काम पुरं झाल्यावर पडदा उघडला.

पैशाचं म्हणाल, तर विज्ञानाच्या खर्चात हे प्रयोग छोटे आहेत. आणि सोनटक्का यांनी लिहिलंय तसं गणिताचं काम आपल्याकडे चालू आहेच.

सह्यकडा

अ‍ॅक्सिऑनचं मूळ न्यूट्रॉनच्या शून्यात आहे हे मला माहीत नव्हतं. तरीही माझं मत असं की भारतात प्रयोग सुरू करायचा तर तीस वर्षं टिकेल अशी व्यवस्था आधी हवी. सिएटलचा गट दशकानुदशकं एकाच प्रयोगावर राहू शकला. आपल्याकडे एक प्रकल्प संपला की माणसं पांगतात.

मृगशीर्ष

याबाबतीत पूर्ण सहमत.

ऋचा_कुं

मी एमएस्सी भौतिकीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. सर, जिलाचा प्रयोग नेमका काय आहे ते सांगाल का? त्यांनी आयन वापरलाय असं वाचलं, हाफ्नियम फ्लोराइडचा धन आयन. सोनटक्का मॅडम म्हणतात की भारित कण क्षेत्रात पळून जातो. मग आयन का नाही पळाला?

मृगशीर्ष

ऋचा, छान पकडलंस. त्यांनी क्षेत्र स्थिर ठेवलंच नाही, ते गोल फिरवलं, सेकंदाला काही लाख वेळा. आयन क्षेत्राच्या मागे धावतो, पण क्षेत्राची दिशा सतत बदलत असल्यामुळे तो लहानशा वर्तुळात फिरत राहतो, सापळ्यातून निसटत नाही. रेणूचं तोंड मात्र क्षेत्राबरोबर वळत राहतं. एरिक कॉर्नेल आणि जुन ये यांच्या गटाची ही करामत.

फायदा वेळेचा. अ‍ॅक्मीत रेणूंचा झोत असतो, गिरकी बघायला मिळते ती साधारण एक मिलिसेकंद. जिलात आयन सापळ्यात असल्यामुळे तीन सेकंदांपर्यंत. हाफ्नियम फ्लोराइडमधलं आतलं क्षेत्र २३ गिगाव्होल्ट प्रति सेंमी, थोरियम मोनॉक्साइडच्या तिसऱ्या हिश्शापेक्षाही कमी, आणि आयनही थोडे. तरी लांबलेल्या वेळेने ती कसर भरून काढली.

दोन्ही रेणूंत एक समान गोष्ट आहे ती तू अभ्यासात नीट बघ. दोन्हींत इलेक्ट्रॉनांची जी अवस्था वापरतात तिच्यात स्पिनचं आणि कक्षेचं चुंबकत्व एकमेकांना जवळजवळ खोडून काढतं, त्यामुळे बाहेरच्या चुंबकीय गडबडीचा त्रास फार कमी होतो. शिवाय तिच्यात जवळजवळ चिकटलेल्या दोन पातळ्या असतात, रेणूचं तोंड क्षेत्राकडे आणि क्षेत्राविरुद्ध. लेझरने पातळी बदलली की आतलं क्षेत्र उलटतं, बाहेरचं व्होल्टेज बदलावंच लागत नाही. विद्युल्लता यांच्या लीकेज करंटवर याहून सुंदर उतारा नाही: व्होल्टेज तेच, करंट तोच, ईडीएमचं चिन्ह मात्र उलटं.

ऋचा_कुं

हे खरंच सुंदर आहे. शेवटचा प्रश्न. उद्या एखाद्या प्रयोगात शून्य नसलेला आकडा आला तर पुढे काय?

सोनटक्का

मृगशीर्ष यांच्या आधी मी सांगते, कारण हे रसायनाच्याच अंगाने जातं. रेणूत दिसलेला परिणाम इलेक्ट्रॉनच्या ईडीएमचा असू शकतो, नाहीतर इलेक्ट्रॉन आणि अणुकेंद्र यांच्यातल्या, काळाची सममिती मोडणाऱ्या एखाद्या वेगळ्या बलाचाही. ४.१ × १०^-३० ही मर्यादासुद्धा ते दुसरं कारण शून्य धरून काढलेली आहे. एका रेणूवरून दोन्ही वेगळे करता येत नाहीत. दोन्हींचं प्रमाण रेणूगणिक थोडं बदलतं, म्हणून निदान दोन वेगवेगळ्या रेणूंत मोजायला हवं, आणि दोन्हींचं गणित पक्कं हवं.

मृगशीर्ष

अगदी बरोबर. म्हणूनच सगळ्यांनी एकाच रेणूमागे न लागता इतक्या वाटा धरल्या आहेत. अ‍ॅक्मीची पुढची आवृत्ती तयार होते आहे. इटर्बियम हायड्रॉक्साइडसारखे तीन अणूंचे रेणू २०१७ पासून चर्चेत आहेत, कारण त्यांच्यात लेझरने थंड होण्याची सोय आणि वर सांगितलेल्या चिकटलेल्या पातळ्या दोन्ही एकत्र मिळतात. पॉल शेररला न्यूट्रॉनसाठी नवं, मोठं उपकरण उभं राहिलं आहे. अणुकेंद्राच्या बाजूने रेडियम-२२५ वर शिकागोजवळच्या आर्गॉनला काम झालं. त्याचं केंद्र एका टोकाला फुगीर असल्यामुळे पाऱ्याच्या तुलनेत परिणाम शेकडो पटींनी वाढतो, पण अर्धायुष्य फक्त १५ दिवस. रेडियम फ्लोराइडच्या वर्णरेषा सर्नच्याच आयसोल्ड केंद्रात २०२० मध्ये पहिल्यांदा नीट पाहिल्या गेल्या.

आकडा आला तर पहिली काही वर्षं कुणी तो खरा मानणार नाही, आणि मानू नये. ज्यांना तो मिळेल तेच व्होल्टेज, चुंबकीय क्षेत्र, लेझरची दिशा सगळं एकेक करून उलटवून बघतील, कुठे नॅनोमीटर हललाय का ते शोधतील. मग दुसऱ्या रेणूत, दुसऱ्या देशात तो पुन्हा मिळवावा लागेल. न्यूट्रॉनमध्ये मिळाला आणि इलेक्ट्रॉनमध्ये नाही, तर रोख थीटाकडे. इलेक्ट्रॉनमध्ये मिळाला आणि न्यूट्रॉन, पारा दोघांत नाही, तर नवे कण इलेक्ट्रॉनशी जास्त सलगी ठेवणारे. ऋचा, तुला यात पुढे काम करायचं असेल तर अणुभौतिकी आणि लेझर यांचा पाया आत्तापासून घट्ट कर. गणिताच्या वाटेने जायचं असेल तर सोनटक्का यांना व्यनि कर, मार्ग त्या जास्त चांगला दाखवतील.

सोनटक्का

जरूर कर गं. पाषाणला कुणाकडे काय काम चालतं ते सांगते.